कापून टाकलेले लेबल

दोन महिन्यांपूर्वीपर्यंत माझ्या कपाटाच्या सर्वांत खालच्या खणात एकूण ११ अंतर्वस्त्रे होती आणि त्यांपैकी दिवसभर अंगावर वागवता येईल असे एकच होते. उरलेली दहा म्हणजे त्या एकाची जोडी शोधताना मी भरलेला दंड. (लिहिताना 'अंतर्वस्त्र' म्हणणे शोभून दिसते, दुकानात उभे राहून शोधायची असते ती चड्डीच.)

शर्ट घालून पाहता येतो, बूट घालून चार पावले चालता येते. पण ज्या कपड्याचा देहाशी सर्वांत निकटचा संबंध, तो मात्र पाकिटावरचे छायाचित्र पाहून पसंत करावा लागतो. त्या छायाचित्रातील तरुणाची अंगकाठी अशी असते की त्याच्या कमरेला सुतळी गुंडाळली तरी ती त्याला शोभावी. पाकीट एकदा फोडले की आरोग्याच्या कारणास्तव माल परत घेतला जात नाही. नियम योग्यच आहे, कारण कोणी तरी परत केलेली चड्डी आपल्या वाट्याला येऊ नये असे मलाही मनापासून वाटते; परंतु त्यामुळे प्रत्येक खरेदी ही जन्मठेप होऊन बसते.

मापाचे म्हणाल तर माझी कंबर ३४ इंच आहे. एका इंचात २.५४ सेंटिमीटर, म्हणजे ही कंबर ८६.३६ सेंटिमीटर भरते आणि मापे मिळतात ती ८५ किंवा ९०. त्या दोहोंच्या मध्ये माझा देह निराधार उभा आहे. ८५ची घेतली तर पोटावर असा वळ उठतो की संध्याकाळी त्यातले शिलाईचे टाके मोजता यावेत, आणि ९०ची घेतली तर जिना चढताना एक हात खिशात घालून तिला आतून धरून ठेवावे लागते, ज्यामुळे पाहणाऱ्यांना मी उगाचच ऐटीत चालतो आहे असे वाटते. शिवाय ३४ इंच ही माझी सकाळची, उपाशीपोटी, ताठ उभ्याने मोजलेली कंबर आहे. खुर्चीत बसल्यावर तिचे काय होते, हे मी मोजलेले नाही आणि मोजणारही नाही.

इजिप्तचा राजा तुतनखामेन याची कबर १९२२ साली सापडली, तेव्हा तिच्यात सुमारे १४५ लंगोट निघाले. अभ्यासक यात राजवैभव पाहतात. मला मात्र त्यात एक समदुःखी माणूस दिसतो. अर्थात त्याचे लंगोट लिननचे, म्हणजे जवसाच्या धाग्यांच्या कापडाचे, त्रिकोणी आणि बंद बांधून नेसायचे असल्यामुळे मापाचा प्रश्न त्याला नव्हता. बंद ज्याच्या हातात, सैल-घट्ट ठरवण्याचा अधिकारही त्याच्याच हातात. तो अधिकार आपण इलॅस्टिकच्या स्वाधीन केला. १९५८ साली अमेरिकेत जोसेफ शिव्हर्स या रसायनतज्ज्ञाने स्पँडेक्सचा धागा तयार केला, जो आपल्या लांबीच्या पाच-सहा पट ताणला जातो आणि पुन्हा मूळ जागी येतो. विक्रेते हेच दोन्ही हातांनी ताणून दाखवतात आणि "बघा साहेब, किती ताणते!" म्हणतात. माझी तक्रार ताणण्याबद्दल कधीच नव्हती. ती मूळ जागी येताना मी मध्ये असतो, एवढेच माझे म्हणणे आहे.

चड्डीचा खरा स्वभाव कळतो तोही उशिराच. पहिल्या धुण्यात ती आखडते, कारण विणताना ताणलेले सुती धागे पाणी लागताच सैलावतात आणि कापड आक्रसते. त्यानंतर एखाद्या लांबलेल्या बैठकीत, नेमके आपण बोलायला उभे राहिलो असताना, तिचा डावा पाय हळूहळू वर सरकू लागतो आणि एका जागी गोळा होतो. अशा वेळी चेहऱ्यावर विचारमग्न भाव ठेवणे ही एक साधना आहे.

आता त्या एका चांगल्या चड्डीविषयी. तिच्याविषयी सांगण्यासारखे काहीच नाही आणि तोच तिचा गुण. ती घातल्यावर विसरली जाते. तिच्यात एकच खोट होती, ती म्हणजे मागच्या बाजूला शिवलेले खरखरीत लेबल, आणि ते टोचते म्हणून मी पहिल्याच दिवशी कात्रीने कापून टाकले. त्या लेबलावरच तिचे नाव, माप आणि प्रकार लिहिलेला होता. तिचे इलॅस्टिक सैल पडू लागले तेव्हा मला हा घोटाळा उमगला.

जुनी चड्डी नमुना म्हणून दुकानात नेण्याचे धैर्य माझ्यात नव्हते, म्हणून मी विक्रेत्याला तिचे तोंडी वर्णन करून सांगितले. हरवलेल्या नातेवाइकाची तक्रार नोंदवून घ्यावी तशा गांभीर्याने त्याने ते ऐकले आणि नाव विचारले. लेबल कापल्याचे मी कबूल केले.

"मग ही घ्या साहेब," तो म्हणाला, "हिला लेबलच नाही. सगळे आतून कापडावरच छापले आहे."

ती बारावी चड्डी मी आणली आणि ती उत्तम बसली. गेल्या आठवड्यात आणखी सहा आणाव्यात म्हणून तिचे नाव पाहायला गेलो, तर बाकीची छपाई धुण्यात विरून गेली होती आणि 'थंड पाण्यात धुवा' एवढेच काय ते वाचता येत होते.