चर्चास्थळ चालवायचंय ना? मग काडेपेटी जवळ ठेवा

इंटरनेटवर मराठी चर्चास्थळ काढायचं मनावर घेतलंय म्हणता? उत्तम. मुहूर्त गणेश चतुर्थीचा धरा. मायबोली ही मराठी वेबसाइट १९९६ च्या गणेश चतुर्थीला सुरू झाली, ती अजून चालू आहे. एवढा पुरावा आपल्याला पुरतो.

तांत्रिक ज्ञानाची चिंता करू नका. वेबसाइट उभारायचं ड्रुपल नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि ते बसवून देणारा भाचा प्रत्येक घरात असतो. खरं भांडवल म्हणजे अपमान. जुन्या एखाद्या स्थळावर तुमचा प्रतिसाद उडवलेला असला, किंवा संपादकांनी तुम्हाला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून 'कृपया भाषा सांभाळा' असं कळवलेलं असलं, तर तुमची तयारी झाली म्हणून समजा. त्याच भांडणात तुमच्या बाजूनं बोललेले पंचवीसेक जण हे तुमचे संस्थापक सदस्य. ते पुढे तुमच्याशी भांडून तिसरं स्थळ काढतील. वंश असाच वाढतो.

मग धोरण लिहा. सुरुवातीला 'इथे मनमोकळं व्यक्त व्हा' आणि शेवटी 'व्यवस्थापनाचा निर्णय अंतिम राहील'. मधलं कुणी वाचत नाही, तिथे काहीही टाका. संपादक मंडळात कोण कोण आहे ते मात्र मरेपर्यंत सांगू नका. अमुक म्हणजेच संपादक, यावर सदस्य रात्र रात्र खल करतात आणि तेवढा वेळ तुमच्याच स्थळावर असतात. तक्रार आली की २४ तासांत पोच आणि ठरलेल्या मुदतीत निकाल द्यावा, असं २०२१ चे माहिती तंत्रज्ञान नियम सांगतात. तर पोच द्या. पोच असणं-नसणं हा वेगळा विषय.

पहिल्या महिन्यात गर्दी दिसायला हवी, म्हणून डुआयडी, म्हणजे खोट्या नावांची आपलीच जादा खाती, काढा. तीन पुरेत: एक तुमची स्तुती करणारा, एक तुमच्याशी भांडणारा आणि एक 'मी इथे नवीन आहे, सांभाळून घ्या' म्हणणारी. तिसरीला सांभाळून घ्यायला लोक ऑफिसची मीटिंग सोडून येतात. फक्त लॉगिन बदलायला विसरू नका. मी एकदा माझ्याच कवितेला, माझ्याच नावानं, 'किती आतून लिहिता हो तुम्ही' असा प्रतिसाद देऊन बसलो होतो. लोक हसले, मापं काढली, दोन दिवस धागा, म्हणजे ती चर्चा, यादीत खाली गेला नाही. म्हणजे ट्यार्पीच्या हिशेबानं ती माझी सर्वोत्तम कविता.

आता मुख्य मुद्दा, धागे पेटवण्याचा. माइक गॉडविन नावाच्या अमेरिकन गृहस्थानं १९९० मध्ये एक नियम मांडला: चर्चा जितकी लांबेल, तितकी कुणीतरी कुणाची तरी हिटलरशी तुलना करण्याची शक्यता वाढत जाते. आपल्याकडे हिटलरपर्यंत जायची गरज पडत नाही, वाटेत पुणं लागतं. साबुदाण्याच्या खिचडीत बटाटा घालावा का, एवढंच विचारा आणि बाजूला व्हा. विसाव्या प्रतिसादाला पुणे-मुंबई, चाळिसाव्याला पुणे-नागपूर, साठाव्याला कुणाच्या घरी काय शिजतं यावरून जात, ऐंशीच्या पुढे गांधी आणि सावरकर. नव्याण्णवला एक जण थांबतो, कारण त्याला शंभरावा प्रतिसाद द्यायचा असतो: 'शतकी धाग्याबद्दल धागाकर्त्याचे अभिनंदन.' बटाट्याचं काय झालं, हे विचारणारा अवांतर करतोय असं समजून त्याचा प्रतिसाद उडवावा.

हे सगळं नीट चाललेलं असताना मधूनच एखादा माणूस खरंच काहीतरी लिहितो. घाबरू नका, यावरही उपाय आहे.

आमच्या स्थळावर असा एक आला होता. रेल्वेतून निवृत्त झालेला. त्यानं बोरघाटावर लेखमाला सुरू केली. पहिल्या भागात चढ किती ते सांगितलं, सदतिसास एक, म्हणजे सदतीस मीटर पुढे गेलात की एक मीटर वर. कागदावर किरकोळ वाटतो, पण भरलेल्या गाडीला तो झेपत नाही, म्हणून कर्जतला मागून बँकर इंजिनं लावतात आणि ती लोणावळ्यापर्यंत गाडी ढकलत नेतात. पुढचा आणि मागचा ड्रायव्हर एकमेकांना दिसत नसताना जोर कसा जुळवतात, हे त्यानं अशा रीतीनं लिहिलं होतं की वाचताना मला गाडीचा हिसका बसला.

पहिला प्रतिसाद आला: ''बँकर'ला मराठी शब्द नाही का?' यावर 'ढकल्या', 'पाठीराखा', 'पृष्ठबल-यंत्र' अशा सूचना आल्या आणि पृष्ठ या शब्दावरून तेहतीस प्रतिसाद झाले. मग एकानं दाखवून दिलं की लेखकानं तीन ठिकाणी 'आणी' असं लिहिलंय. साहित्य महामंडळाच्या नियमांप्रमाणे 'आणि' आणि 'नि' यांचा शेवट ऱ्हस्व. नियम १९६२ चे, उत्साह आजचा. नियमांची सक्ती म्हणजे बहुजनांची गळचेपी, असं दुसऱ्यानं ठणकावलं. तिसरा कर्जतच्या वड्यावर बोलला, चौथ्यानं तो वडा पूर्वीसारखा राहिला नसल्याचं सांगितलं, आणि पाचवा म्हणाला की मुंबईकरांना वड्यातलं काय कळतं. मी पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो. खोटं कशाला बोलू, 'वड्याला मुंबई-पुणे असा प्रवास करायला बँकर लागत नाही' हा विनोद माझाच.

लेखकानं दुसरा भाग टाकला. त्यात सगळे 'आणि' ऱ्हस्व करून घेतले होते आणि बँकरला कंसात 'पाठीराखा' लिहिलं होतं. वड्याबद्दल आपल्याला काही म्हणायचं नाही, असंही तळटीप टाकून नम्रपणे कळवलं होतं. शेवटची ओळ अशी: चढताना बळ लागतं, पण खरी परीक्षा उतरताना, उतारावर गाडीचे ब्रेक निकामी झाले तर तिला वळवून चढावर घेणारी एक आंधळी मार्गिका तिथे असते, कॅच सायडिंग, तिचं काम कसं चालतं ते तिसऱ्या भागात.

या भागाला चार प्रतिसाद आले. दोघांनी '+१' लिहिलं, एकानं 'पहिला भाग जास्त रंगला होता' असं, आणि एकानं शोधून काढलं की पहिल्या भागातला 'आणी' अजून तसाच आहे.

तर असा उपाय. संपादकांना काहीही करावं लागलं नाही, एक प्रतिसाद उडवावा लागला नाही. माणसाचं खातं आजही आहे. सदस्यसंख्येत आपण त्याला मोजतो, वर्धापनदिनाच्या निवेदनात तो आकडा ठळक अक्षरांत येतो.

गेल्या महिन्यात कुणी नव्या सदस्यानं खणून तो धागा वर काढला आणि विचारलं, 'तिसरा भाग कुठे आहे?'

मी लगेच लॉगिन केलं आणि पुढील लेखनाला शुभेच्छा तीन अक्षरांत देऊन टाकल्या: 'पुलेशु.'