जेवण आमचं, बाटली आपापली

"शनिवारी या. जेवण आमचं, बाटली आपापली." असा निरोप गोव्यात आला की बाहेरून आलेल्या पाहुण्याला वाटतं, यात काय मोठंसं! नाक्यानाक्यावर बार, भाव महाराष्ट्रापेक्षा कितीतरी कमी, मग अडचण कसली? अडचण अशी की या सगळ्या प्रथेत बाटली हाच सगळ्यात सोपा भाग आहे. ती पाच मिनिटांत मिळते, दुकानदार वर्तमानपत्रात गुंडाळूनही देतो. बर्फ, सोडा, ग्लास, ओपनर आणि कुणी कुणाची किती प्यायली याची मनातल्या मनात चाललेली खतावणी, यांच्याबद्दल मात्र निरोपात अवाक्षर नसतं.

आधी बर्फ. बारा माणसांच्या पार्टीत बारा बाटल्या येतात आणि बर्फ एकही जण आणत नाही, कारण बर्फ आणणाऱ्याचं कधी कुणी नाव घेत नाही. हिशोब साधा आहे. ६५० मिलीची बिअर ३० अंशांवरून ५ अंशांवर आणायची तर नुसत्या आतल्या द्रवापायी साधारण २०० ग्रॅम बर्फ वितळतो. काच, डबा आणि मे महिन्यातली गोव्याची हवा आपापला हप्ता घेतातच, म्हणून बाटलीमागे अर्धा किलो धरावा. बारा बाटल्यांना सहा किलो झाला. ग्लासात टाकायचा बर्फ याहून वेगळा, आणि वेगळा म्हणजे खरोखरच वेगळ्या पिशवीत. मासळी बाजारातून स्वस्तात उचललेली लादी बाटल्यांभोवती खुशाल लावा. ती ग्लासात गेली तर व्हिस्कीला बांगड्याची आठवण होते आणि दुसऱ्या दिवशी पोटालाही.

बर्फ आला तरी तो वापरायचा कसा, हे माहीत असणारा माणूस पार्टीत एकच असतो आणि तो नेमका उशिरा येतो. नुसत्या खड्यांवर बाटली आडवी टाकली तर खड्यांमधल्या हवेमुळे ती गार व्हायला तासभर घेते. टबात बर्फ, तो बुडेल इतकं पाणी आणि दोन मुठी जाडं मीठ घाला. पाणी बाटलीला चहूबाजूंनी भिडतं, मिठामुळे शून्याच्याही खाली उतरतं आणि पंधरा-वीस मिनिटांत काम होतं. हे ऐकून घ्यायला कुणाला वेळ नसतो. मंडळी फ्रीजरकडे धावतात. बाटली आत कोंबून गप्पांत रमतात आणि ती आठवते फ्रीजरमधून ठप्प असा आवाज आल्यावर. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, काच फुगत नाही. मग यजमानीणबाई सुरमईच्या तुकड्यांमधून काचा वेचत बसतात आणि पुढच्या पार्टीला आपल्याला निरोप येत नाही.

बाटली आणण्याची वाट बहुतेकांची स्कूटरवरूनच जाते. सीटखालची डिकी उन्हात तापते, खालून इंजिन तिला आणखी शेकतं. म्हापशाहून पणजीला येईपर्यंत बिअर आंघोळीच्या पाण्याइतकी कोमट आणि खड्ड्यांमुळे घुसळलेली. ती आल्याआल्या उघडणारा उत्साही गडी प्रत्येक पार्टीत असतोच. अर्धी बिअर छताला, उरलेली यजमानांच्या सोफ्याला. घुसळलेली बाटली निदान अर्धा तास गारव्यात उभी ठेवायची असते, पण उभं राहायला इथे फक्त बाटलीच तयार असते.

आणि ओपनर! टेबलाच्या कडेवर बिल्ला ठेवून वरून हाताचा फटका मारणाऱ्या कलाकारांबद्दल मला आदर आहे, फक्त ते टेबल माझं नसावं. वाइन आणणाऱ्यांना माझी एकच विनंती: दुकानातच बघा, आटे असलेलं झाकण आहे की बूच. बूच असेल आणि ते उपसायचं मळसूत्र नसेल, तर शेवटी कुणीतरी चमच्याच्या दांड्याने ते आत ढकलतं आणि मग रात्रभर सगळे बुचाचे कण चावत "बॉडी छान आहे" म्हणतात.

गोव्याची खरी परीक्षा मात्र हुर्राकाची. फेब्रुवारीअखेरीपासून पाऊस लागेपर्यंत सत्तरी, डिचोली, काणकोण, जिथे जिथे काजू तिथे तिथे भाट्या पेटतात. काजूची बोंडं मळायची, रस आंबवायचा, भाटीवर चढवायचा. पहिल्या गाळपाला उतरतो तो हुर्राक. त्यात आंबलेला रस घालून पुन्हा गाळलं की फेणी. काजू फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, देखण्या बाटल्या आल्या, लेबलं आली. पण जाणकार माणूस अजूनही "आमच्या ओळखीच्या भाटीवरची" म्हणूनच आणतो, आणि आणतो पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीत. हुर्राक पाण्यासारखाच स्वच्छ. ती बाटली फ्रीजमध्ये इतर पाण्याच्या बाटल्यांच्या रांगेत उभी राहते आणि यजमानांच्या सासूबाई रात्री औषधाची गोळी घ्यायला फ्रीज उघडतात. पुढचं सांगायला नको. बाटलीला रबर लावा, लाल धागा बांधा, मार्करने कवटी काढा, पण खूण करा. फेणी तर काचेतच आणा. प्लास्टिकचा वास फेणीला आणि फेणीचा वास प्लास्टिकला असा धरतो की ती बाटली नंतर कितीही धुवा, मुलाला शाळेत पाणी भरून देता येत नाही. दिलीत तर बाईंची चिठ्ठी येते.

हुर्राकाचं दुसरं कपट त्याच्या सौम्यपणात आहे. त्यात मद्यार्क साधारण १५ टक्के, व्हिस्कीत ४२.८. म्हणजे ९० मिली हुर्राक बरोबर ३० मिलीचा एक स्मॉल पेग, थोडा जास्तच. पण लिम्का, अर्धं लिंबू, चिमूटभर मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घातली की तो सरबत होऊन बसतो. पुण्याहून आलेले भावोजी "हे तर काहीच नाही" म्हणत चौथा ग्लास भरतात, आणि मग ते तुळशी वृंदावनाशी बराच वेळ बोलत असतात.

आता खतावणी. ७५० मिलीच्या बाटलीत ६० मिलीचे साडेबारा पेग. चौघांत माणशी तीन, आणि उरलेला अर्धा ज्याच्या हातात बाटली त्याचा. हे कागदावर ठीक आहे. प्रत्यक्षात एक जण दोन पाइंट बिअर घेऊन येतो, त्या टबात बुडवतो आणि स्वतः दुसऱ्याने सिंगापूरहून आणलेल्या सिंगल माल्टशेजारी ठाण मांडतो. त्यात तो कोला ओततो. बाटलीचा मालक हसतमुखाने "घे रे, घे" म्हणतो. त्या वेळी त्याचा चेहरा जवळून बघावा, डावी पापणी फडफडत असते. माझा दंडक असा: टेबलावर आलेली बाटली सार्वजनिक. जिच्या जाण्याचं दुःख होईल ती घरी ठेवा.

हॉटेलात आपली बाटली न्यायची तर तऱ्हा वेगळी. परवाना असलेल्या बारला आपल्या मालाचा हिशोब अबकारी खात्याला द्यावा लागतो, त्यात तुमची बाटली कुठेच बसत नाही. शिवाय त्याचा नफा जेवणापेक्षा पेगवर जास्त असतो. म्हणून मालक गोड हसून सांगतो, "पात्राव, भायर हाडिल्लें हांगा चलना", म्हणजे साहेब, बाहेरून आणलेलं इथे चालत नाही. इथे वाद घालू नये. घातला तर तो तसाच गोड हसत राहतो आणि तुमची थाळी सगळ्यांत शेवटी येते. काही ठिकाणी वाइन आणू देतात, पण बूच उघडण्याचे पैसे घेतात. फोनवरच विचारा: पैसे बाटलीमागे की माणशी? ग्लास आणि बर्फ त्यातच का? आणि सोडा? सोडा विसरलात तर खिशाला चाट ठरलेली. बारा पेगांना बारा सोडे, तेही हॉटेलच्या भावाने. दारूत वाचवलेलं सगळं बुडबुड्यांत जातं.

परवाना नसलेल्या खानावळीत टेबलाखाली क्वार्टर उघडणाऱ्यांबद्दल काय बोलावं! तिथे अडचणीत येतो तो मालक. कोल्ड्रिंकच्या बाटलीला फेणीचा वास येतोय हे सगळ्या खानावळीला कळतं, कळत नाही ते त्या टेबलावरच्या चौघांना.

"मग किनाऱ्यावरच बसू" हा उपाय पाहुणे हमखास सुचवतात. पर्यटनस्थळी उघड्यावर पिण्याला दंड आहे. २०१९ च्या कायदादुरुस्तीत तो एकट्याला २,००० रुपये ठरला होता, टोळक्याला १०,०००. सहा जण जमवले तर माणशी स्वस्त पडतं, असं गणित मांडणारेही तेव्हा भेटले. अशांच्या हातात पार्टीचा हिशोब देऊ नये.

परतीची गाडी कोण चालवणार हे बाटली उघडण्याआधी ठरवायचं असतं. १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅम ही मर्यादा आहे आणि पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत तुरुंग, प्रसंगी दोन्ही. न पिणारा एखादा असेल तर त्याचे पाय धरावे. पण त्या बिचाऱ्यासाठी कुणी साधं कोकम सोडाही आणलेलं नसतं. तो रात्रभर पाण्यावर, आणि पाण्याची बाटली उघडण्याआधी तिचा वास घेत.

राहता राहिली उरलेली दारू. फोडलेली बाटली यजमानांकडेच ठेवायची असा शिरस्ता आहे, आणि सीलबंद बाटली परत मागताना कुणाच्या डोळ्याला डोळा भिडवू नये. कोल्हापूरचे पाहुणे मात्र अर्धी फेणी पिशवीत घालून म्हणतात, "एवढी काय कोण बघतंय!" सावंतवाडी-बांद्याकडच्या पेपरात "गोवा बनावटीची दारू जप्त" हा मथळा इतका नेहमीचा आहे की छापखान्यात तो जुळवूनच ठेवलेला असावा. सीमेवरच्या इन्सुलीच्या तपासणी नाक्यावर रीतसर परवाना दाखवावा लागतो, आणि पाण्याच्या बाटलीतल्या फेणीला तो कुठून मिळणार? विमानातही तेच: २४ ते ७० टक्क्यांची दारू चेक-इन सामानात माणशी ५ लिटर चालते, पण ती मूळ वेष्टनात. तेव्हा भावोजी, ती बाटली इथेच राहू द्या आणि काजूगर घेऊन जा. कितीही न्या, इन्सुलीला कुणी वास घेत नाही.