‘एक्स्क्विझिट’ कसं म्हणावं

पैठणी घ्यायला निघाला असाल तर पैशांचं नंतर बघा, आधी ‘एक्स्क्विझिट’ (म्हणजे अतिशय नाजूक, देखणं) म्हणायला शिका. यंदाच्या लग्नसराईत या विशेषणावाचून तुमचं पान हलायचं नाही. भाचीच्या लग्नासाठी वहिनी आणि मी नुकत्याच एका गारेगार दालनात जाऊन आलो (दुकान म्हणायचं नाही). तिथल्या टायवाल्या मुलाने हा शब्द आमच्यावर इतक्या वेळा फेकला की आम्ही दोघी त्यात आता पारंगत आहोत. विद्या दिल्याने वाढते म्हणतात, म्हणून वाटते आहे.

उच्चाराची धास्ती नको. जोर सुरुवातीला द्यावा की मधल्या ‘क्वि’वर, याबाबत इंग्रजी शब्दकोशही दोन्ही चालवून घेतात. खरा जोर चेहऱ्यावर हवा. डोळे अर्धवट मिटायचे, अंगठा आणि तर्जनी जुळवायची, मान किंचित तिरकी करायची. हे जमलं की शब्द अर्धा गिळलात तरी चालतो.

मागे ‘व्हेरी’ लावायचंच. अशा शब्दाला ‘व्हेरी’ लागत नाही असं व्याकरणवाले सांगतील, पण त्यांना कुठे साड्या विकायच्या आहेत?

शब्द एकटा सोडू नये, त्याच्या पुढे ‘पीस’ जोडावा. साडीला साडी म्हणणं गावंढळपणाचं, लुगडं तर तोंडातूनसुद्धा काढू नका. ती ‘एक्स्क्विझिट पीस’ असते. इतकी वर्षं आमच्याकडे पीस म्हणजे ब्लाउजपीस, मॅचिंग सेंटरच्या गर्दीत कोपर मारून घ्यायचा. असो.

एकदा जमलं की सढळ हाताने वापरा. मेंदी, पत्रिका, रुखवत, बिल्डरच्या सँपल फ्लॅटमधल्या बाथरूमच्या टाइल्स, सगळ्यांना चालतो. लग्नाच्या जेवणात अळूच्या भाजीलाही लावून पाहा.

दवाखान्यात मात्र जपून. डॉक्टरांच्या इंग्रजीत हाच शब्द बोट टेकताच जीव जाईल अशा दुखण्यालाही लावतात. दालनातलं किमतीचं लेबल उलटून पाहिल्यावर मला तोच अर्थ आधी आठवला.

आता मुख्य कानमंत्र. कुठलाही प्रश्न आला की उत्तर म्हणून हाच शब्द द्यावा. वहिनीने विचारलं, “हातमागाची आहे का हो?”

“मॅम, व्हेरी एक्स्क्विझिट पीस आहे हा.”

“ते दिसतंय. येवल्याची की पैठणची?”

“मॅम, हे आमचं एक्स्क्विझिट कलेक्शन आहे.”

“बरं, पदरातली जर कसली आहे?”

“फिनिश बघा ना मॅम. एक्स्क्विझिट!”

वहिनीचं माहेर येवल्याचं. मागांची खटखट ऐकत वाढलेली बाई. तिने आणखी काही विचारलं नाही, सरळ पदर उलटा केला. ‘मॅम, असं नका करू, घडी मोडेल’ म्हणत तो मुलगा पुढे धावला, पण तोवर दिसायचं ते दिसलं होतं. मागच्या बाजूला मोराच्या पाठीपासून कमळापर्यंत सुटे धागे लोंबत होते, काही कातरलेले, काही तसेच. हातविणीच्या पदराला हे होत नाही. तिथे प्रत्येक रंगाच्या धाग्याची वेगळी छोटी कांडी असते. तो धागा आपल्या नक्षीपुरताच जातो, शेजारच्या रंगात अडकतो आणि तिथूनच माघारी फिरतो. म्हणून मोर पुढून जसा, तसाच मागून. लहान मुलालाही दाखवता येईल इतकी सोपी खूण, आणि हा म्हणतो घडी मोडेल!

बरं, काठावरच्या मुनियांना, म्हणजे विणलेल्या पोपटांना, तो ‘बर्ड्स’ म्हणत होता. नारळी काठाला ‘टेंपल बॉर्डर’. आसावलीची फुलवेल कोणती, बांगडी मोर कोणता, विचारलं तर पुन्हा डोळे अर्धवट मिटले, अंगठा आणि तर्जनी जुळली. मग म्हणे, “मॅम, सिल्क मार्क आहे.” अरे बाबा, सिल्क मार्क रेशमाची हमी देतो, मागाची नाही! हातमागाची खूण वेगळी असते, हँडलूम मार्क. ते लेबल मागितलं तर तो आतून मॅनेजरला घेऊन आला. मॅनेजरनेही पदरावरून हात फिरवला आणि म्हणाले काय? ओळखा.

आता थट्टा पुरे. यंत्रमागाची साडी वाईट नसते. माझ्याकडेही आहे, हळदीकुंकवाला मी ती मिरवते, आणि कोणी विचारलं तर यंत्रमागाची म्हणून सांगते. पण ती हातमागाच्या भावात विकायची आणि मधली तफावत एका इंग्रजी विशेषणाने बुजवायची, याला आमच्याकडे फसवणूक म्हणतात. हातमागावर साधी पैठणी विणायलासुद्धा आठवडे जातात, अंगभर नक्षी असली तर वर्षही सरतं. मागावर वाकून डोळे अधू करून घेणारा माणूस मोर, मुनिया, आसावली प्रत्येकाला नावाने ओळखतो. आणि त्याच्या नावावर पैसे उकळणाऱ्यांना साधं एवढं सांगता येत नाही की साडी कोणत्या गावची?

आणि तुम्ही हो! पुढ्यात हजारोंची साडी पसरलेली असते आणि तुम्ही ‘हो ना, किती एक्स्क्विझिट’ म्हणून माना डोलावता. कोथिंबिरीच्या जुडीसाठी भाजीवालीशी तासभर हुज्जत घालता, मग इथेच कसली लाज वाटते? इंग्रजी ऐकलं की जीभ टाळ्याला चिकटते का? पदर उलटा करा. घडी मोडली तर मोडू दे, परत घालायलाच तो पगार घेतो. पावतीवर ‘हातमाग’ असं लिहून मागा, गावाच्या नावासकट. का-कू केली तर उठा, चपला घाला आणि बाहेर पडा, सरबताचा ग्लास अर्धा राहिला तरी.

आणि दालनवाल्यांनो, त्या पोराचा काही दोष नाही, त्याला तुम्ही एवढंच शिकवलंत. आठवडाभर पाठवा त्याला येवल्याला, बसवा मागापाशी. मॅनेजरलाही पाठवा बरोबर. तिथे टाय लागत नाही.