हक्क कायद्यात आहे, नोंद कुठे आहे?

भारतात सिनेमा-मालिकांना संगीत देणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते. पार्श्वसंगीत करणाऱ्याच्या हातावर एकरकमी पैसे टेकवले की विषय संपला. परदेशात मात्र एकदा काम केलं की जन्मभर रॉयल्टी येत राहते. तक्रारीचा पूर्वार्ध बराच खरा आहे, उत्तरार्ध ऐकीव. इथे अमेरिकेत हा धंदा जवळून पाहिला की लक्षात येतं, निव्वळ कायद्यापुरतं बोलायचं तर भारतातला संगीतकार अमेरिकेतल्या संगीतकारापेक्षा भक्कम जागी उभा आहे.

१९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने असा निकाल दिला की, निर्मात्याने पैसे देऊन चित्रपटासाठी करून घेतलेल्या संगीताचा पहिला मालक निर्माताच. पुढची पस्तीस वर्षं करार त्याच्याच आधाराने लिहिले गेले. २०१२ च्या दुरुस्तीने हे चित्र पालटलं. आता हक्क निर्मात्याला लिहून दिला तरी रॉयल्टीतला समान वाटा गीतकार-संगीतकाराकडेच राहतो. तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला, म्हणजे सभासदांच्या वतीने रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेला, देता येतो; याविरुद्ध लिहिलेलं कलम रद्दबातल ठरतं. वगळलंय ते चित्रपटगृह, म्हणजे तिथे सिनेमासोबत वाजणारं संगीत. टीव्ही आणि ओटीटीवर वाटा शाबूत आहे. आणि कायद्यात गाणं वेगळं, पार्श्वसंगीत वेगळं असा भेद नाही, दोन्ही ‘संगीतकृती’च.

अमेरिकेत स्टुडिओशी होणारा करार बहुतेक वेळा ‘वर्क फॉर हायर’ पद्धतीचा असतो. कायद्याच्या नजरेत त्या संगीताचा कर्ताच स्टुडिओ. इथल्या चित्रपटगृहांकडून तर संगीतकाराला दमडी मिळत नाही. १९४८ च्या एका निकालापासून ते दार बंद आहे. युरोपातली चित्रपटगृहं मात्र पैसे भरतात, त्यामुळे हॉलिवूडच्या संगीतकाराला स्वतःच्या सिनेमाचे थिएटरचे पैसे फ्रान्स-जर्मनीहून येतात आणि घरच्या थिएटरांतून शून्य. तिकडच्या चर्चेत ही गंमत कुणी सांगत नाही.

मग इथली ती प्रसिद्ध रॉयल्टी येते कुठून? करारातल्या एका ओळीतून. सार्वजनिक सादरीकरणाच्या, म्हणजे प्रसारणात संगीत वाजण्याच्या, मोबदल्यातला ‘रायटर्स शेअर’ (रचनाकाराचा हिस्सा) संगीतकाराचा, एवढंच ती ओळ म्हणते. तो निम्मा हिस्सा ॲस्कॅप किंवा बीएमआय यांसारखी सोसायटी परस्पर संगीतकाराच्या खात्यात भरते. स्टुडिओच्या गल्ल्यातून तो जातच नाही. ती ओळ खोडली की सगळं संपलं, आणि खोडायचे प्रयत्न सुरूच असतात. २०१९ च्या अखेरीस डिस्कव्हरीने आपल्या कार्यक्रमांच्या संगीतकारांना हा हिस्सा सोडायला सांगितलं होतं. इतका गलका झाला की कंपनीला माघार घ्यावी लागली. पण ‘बायआउट’ची, म्हणजे एकरकमी पैसे देऊन सगळे हक्क घेण्याची, टूम काही गेलेली नाही. तेव्हा इथे सगळं आलबेल आहे, असं समजून तिकडे कुढत बसण्यात अर्थ नाही.

फरक पडतो तो एका रटाळ कागदामुळे. त्याला क्यू शीट म्हणतात. एपिसोड किंवा सिनेमा पूर्ण झाला की त्यात वाजलेल्या प्रत्येक तुकड्याची एक ओळ त्यात येते. उदाहरणार्थ: ‘३एम२, गच्चीवर, बीआय, १:१४’. म्हणजे तिसऱ्या रिळातला दुसरा तुकडा, त्याचं नाव, तो पडद्यावर कुणी वाजवत नाही आणि त्यात गायनही नाही, लांबी एक मिनिट चौदा सेकंद. पुढे संगीतकाराचं नाव, त्याचा आयपीआय क्रमांक (प्रत्येक रचनाकाराचा स्वतंत्र ओळख क्रमांक), सोसायटी, टक्केवारी, प्रकाशक. पैसे या ओळीवर मिळतात. संगीत कितीही उत्तम असो, ओळ नसेल तर सोसायटीच्या दृष्टीने ते वाजलेलंच नाही.

ही ओळ बिघडतेही फार सहज. आपली आडनावं रोमन लिपीत चार तऱ्हांनी लिहिली जातात. कुळकर्णी एका शीटवर एक आणि दुसऱ्यावर दुसरेच. आयपीआय क्रमांक घातला की हा घोळ मिटतो, म्हणून तो ईमेलच्या सहीखालीच टाकून ठेवावा. टक्केवारीचा घोळ जास्त महागात पडतो. काही ठिकाणी लेखकाचे ५० आणि प्रकाशकाचे ५० मिळून १०० धरतात, तर काही ठिकाणी दोघांचे वेगवेगळे १०० धरून बेरीज २००. दुसऱ्या पद्धतीच्या शीटवर एकट्या संगीतकाराने सवयीने ५० लिहिले, तर त्याचा अर्धा हिस्सा बेवारस पडून राहतो. तिसरी चूक दोन देशांत काम करणाऱ्यांची: आयपीआरएस या भारतातल्या सोसायटीला सगळ्या जगाचे हक्क देऊन ठेवायचे आणि अमेरिकेत आणखी एका सोसायटीचं सभासदत्व घ्यायचं. दोन दावे एकमेकांवर आदळतात आणि वाद मिटेपर्यंत पैसे अडकतात. कुठल्या प्रदेशाचे हक्क कुणाकडे, हे सही करतानाच लिहून घ्यावं. आणि सगळं बिनचूक असलं तरी घाई करू नये. प्रसारणानंतर सहा ते नऊ महिने लागतात, परक्या देशातून यायचे असतील तर वर्ष-दोन वर्षंही.

आता तिकडची दैनंदिन मालिका घ्या. संगीतकार सुरुवातीलाच पन्नास-साठ तुकड्यांची ‘बँक’ करून देतो. पुढे शेकडो एपिसोड एडिटर त्यातूनच उचलतो, कापतो, एकावर एक चढवतो. फाइलचं नाव असतं ‘सॅड टू फायनल न्यू’. अशा नावावरून क्यू शीट कोण आणि कसं बनवणार? उपाय फार साधा आहे. बँक देतानाच प्रत्येक फाइलच्या नावात मालिकेचं लघुनाव, क्रमांक आणि तुकड्याचं वेगळं नाव घालायचं, आणि तीच नावं सोसायटीकडे कृती म्हणून नोंदवायची. एडिटरने टाइमलाइनवरच्या संगीताच्या ट्रॅकची यादी बाहेर काढली की नाव आणि वेळ दोन्ही आपोआप येतात. एपिसोडमागे दहा-पंधरा मिनिटांचं काम.

‘आपल्याकडे वेळच देत नाहीत’ ही दुसरी लाडकी तक्रार. वेळ इथेही कुणी देत नाही. ‘पिक्चर लॉक’, म्हणजे आता संकलनात बदल नाही, हा शब्द रोज ऐकू येतो आणि पिक्चर रोज सुटतं. समजा, एडिटरने प्रसंगातून १४ फ्रेम्स काढल्या. सेकंदाला २४ म्हणजे मिनिटाला १४४० फ्रेम्स. त्यांना १४ ने भागलं तर १०२.८६. तुकड्याची लय मिनिटाला तेवढ्या मात्रांची असेल, तर उडालेल्या फ्रेम्स म्हणजे बरोबर एक मात्रा. चार मात्रांचा एक बार तीनचा केला की पुढचे सगळे ठोके पुन्हा जागेवर. पण हे जमतं ते टेम्पो मॅप, म्हणजे कुठे कोणती लय याची नोंद, जपून ठेवलेला असेल आणि एडिटरने बदलांची यादी फ्रेम्ससकट पाठवली असेल तरच. नाहीतर ‘थोडंसं आखूड केलंय’ एवढ्या निरोपावर रात्र जाते.

फ्रेम रेटचंही तसंच. चित्र सेकंदाला २३.९७६ फ्रेम्सचं आणि संगीताचा प्रोजेक्ट २४ वर उघडलेला, तर दर ४२ सेकंदांनी एक फ्रेम सरकते. एका मिनिटाच्या तुकड्यात कळतही नाही, वीस मिनिटांच्या रिळात जवळजवळ सव्वा सेकंद जातो. म्हणून पहिल्या फ्रेमच्या बरोबर दोन सेकंद आधी ‘टू-पॉप’, म्हणजे चित्र-आवाजाची जुळणी तपासायचा छोटा बीप, वाजतो की नाही, हे आधी तपासायचं, रचना मग.

मानधनाबद्दल एकच सांगतो, कारण इथलेही त्यातच बुडतात. ‘पॅकेज’ म्हणजे वादक, स्टुडिओ, मिक्सिंग सगळं त्याच आकड्यात. ४० मिनिटांचं संगीत, दिवसाला दोन मिनिटं पुरी होतात असं धरलं, तरी वीस दिवस नुसत्या रचनेचे. फेरफारांचे किमान सहा-सात दिवस वेगळे. दुरुस्तीच्या फेऱ्या दोन आणि कट बदलल्यास वेगळा दर, हे लिहिलेलं नसेल तर वादकांचे पैसे देऊन झाल्यावर उरतं ते ताकाचं पाणी.

भारतातल्या करारात भांडून घ्यायचंच, तर आणखी एक कलम घ्यावं: प्रसारणानंतर ३० दिवसांत क्यू शीट सोसायटीला पाठवायचं आणि प्रत संगीतकाराला द्यायची. निर्माते यावर सहसा अडत नाहीत, कारण त्यात त्यांच्या खिशातून काही जात नाही. मात्र ते कोण पाठवणार, हेही तिथेच हुद्द्यासकट लिहून घ्यावं. नाहीतर एडिटर म्हणतो प्रॉडक्शनने पाठवलं असेल, आणि प्रॉडक्शन म्हणतं चॅनेलने.