रेडिएटर कोमट लागणं हा दोष नाही

"हीट पंपावर रेडिएटर कोमटच राहतात, म्हणजे कडाक्याच्या थंडीत तो कुचकामी" हे हीट पंपावरच्या (बाहेरच्या हवेतली उष्णता खेचून घर तापवणारं विजेचं यंत्र) लेखातलं विधान काही पटलं नाही. गॅस बॉयलर रेडिएटरमध्ये, म्हणजे खोली तापवणाऱ्या पॅनेलमध्ये, 60-70 अंशांचं पाणी पाठवतो, हीट पंप साधारण 35 ते 45 वर भागवतो. हाताला जेमतेम ऊब लागते, पण खोली 20 अंशांवर टिकून असते. आणि हे मुद्दामच असतं. एक युनिट विजेत तीनेक युनिट उष्णता मिळते ती याच जोरावर. पाणी 60 अंशांवर नेलंत की हा फायदा झपाट्याने घसरतो. थंडीचंच म्हणाल तर नॉर्वे, स्वीडन, फिनलंडमध्ये लोकांनी ही यंत्रं काय शोभेला लावलीत?

लेखात राहून गेलंय ते वेगळंच. बॉयलरसारखं रात्री बंद, सकाळी फुल्ल केलं की थेट विजेवर पाणी तापवणारा बॅकअप हीटर सुरू होतो आणि बिल फुगतं. हे सासऱ्यांना पटवताना नाकी नऊ आले. उठले की थर्मोस्टॅट 26 वर! शेवटी सेटिंगच लॉक केलं. शिवाय दमट थंडीत बाहेरच्या युनिटवर बर्फ साचतो, मग यंत्र काही मिनिटं उलटं चालून तो वितळवतं आणि वाफेचा लोट उठतो. शेजारी धूर समजून धावत आले होते. तो बिघाड नाही, डीफ्रॉस्ट आहे. फक्त त्या पाण्याच्या निचऱ्याची सोय बसवतानाच करून घ्या, नाहीतर दारात बर्फाची घसरगुंडी तयार.