मे महिन्यात समुद्रावर देवयानी? जरा थांबा

एप्रिल सरत आला की एक फॉरवर्ड हमखास फिरतो. नारळाच्या झापांमागे अर्धं आकाश व्यापलेलं जांभळं-गुलाबी चक्र आणि खाली मजकूर: ‘सुट्टीत कोकणात या! मे महिन्याच्या अमावास्येला समुद्रावरून देवयानी दीर्घिका सर्पिल भुजांसकट नुसत्या डोळ्यांनी दिसते. दुर्बीण नको!’ यातली अमावास्या तेवढी पूर्ण खरी.

आधी महिना. मेच्या मध्याला देवयानी (अँड्रोमेडा) उगवते रात्री अडीचच्या सुमारास आणि तीही ईशान्येला, म्हणजे सह्याद्रीच्या बाजूने. गुहागरला समुद्राकडे तोंड करून बसलेल्यांच्या पाठीमागे! तिचे दिवस ऑक्टोबरअखेर ते जानेवारी. डिसेंबरच्या मध्याला रात्री आठला ती उत्तरेकडे चांगली ६५ अंशांवर असते. तेव्हा रात्री मतलई वारा सुटून हवाही कोरडी होते, मेसारखी चिकट-धुरकट नसते.

आता भुजा. २५ लाख प्रकाशवर्षांवरची ही दीर्घिका आकाशात सुमारे तीन अंश, म्हणजे सहा चंद्र ओळीने ठेवावेत एवढी लांब आहे. तरी हात लांब केला तर दोन बोटांआड जाते. अर्धं आकाश व्यापणारा तो फोटो जोडकामच. शिवाय तिचा उजेड इतका विरळ पसरलेला की डोळ्याला जाणवतो फक्त मधला गाभा, एक फिकट लांबट डाग. इराणच्या अल-सूफी या खगोलज्ञाने ९६४ च्या सुमारास ‘छोटा ढग’ म्हणून नोंदवला तो हाच. सर्पिल आकार प्रथम दिसला १८४५ मध्ये, आयर्लंडात खगोलनिरीक्षक लॉर्ड रॉसना, सहा फूट व्यासाच्या आरशाच्या दुर्बिणीतून. तोही देवयानीचा नव्हे, सप्तर्षींच्या शेपटाजवळच्या एम ५१ या दुसऱ्या दीर्घिकेचा. मग आपल्याला भेळ खाता खाता दिसायचा कसा?

रंगांचं उत्तर सोपं आहे: इतक्या मंद उजेडात डोळ्याच्या रंग ओळखणाऱ्या पेशी कामच करत नाहीत. कॅमेरा तासन्‌तास उजेड साठवतो, डोळा साठवत नाही.

‘दुर्बीण नको’ हे मात्र निम्मं खरं. काळोख असेल तर डाग दिसतो, पण साधी १०×५० (दहा पट मोठं दाखवणारी, ५० मिमी भिंगांची) द्विनेत्री असली की बहार. उत्तरा भाद्रपदातला उत्तरेकडचा तारा धरा, तिथून ईशान्येकडे दोन तारे मोजा, मग शर्मिष्ठा तारकासमूहाकडे वळून दोन मंद तारे चढा. दुसऱ्याच्या बाजूलाच ती. डोळे काळोखाला सरावायला अर्धा तास द्या, मोबाइल खिशात ठेवा आणि डागाकडे थेट न बघता किंचित बाजूला बघा.

राहिला समुद्रकिनारा. रिसॉर्टांचे फ्लडलाइट आणि क्षितिजावर मासेमारीच्या बोटींचे एलईडी असताना किनारा कसला काळोखी? त्यापेक्षा गावाबाहेरचा कातळसडा गाठा: उंच, चहूबाजूंनी मोकळा. फक्त पायात बूट हवेत, फुरशी हे विषारी साप असतात.

मेमध्येच येणार असाल तर संध्याकाळी सप्तर्षी वर असतात. कुणाकडे आठ इंची दुर्बीण असेल तर एम ५१ दाखवायला सांगा. भुजांची पुसट चाहूल लागली तर तिच्यातच लागेल.