‘ॲफेलियन’ची थंडी आणि मावशीच्या माजघरातला कवडसा

आषाढाचा पाऊस लागला की नाशिकच्या फॅमिली ग्रुपांवर तोच मेसेज पुन्हा फिरू लागतो. “उद्या पहाटे ५.२७ ला ॲफेलियन. पृथ्वी-सूर्य अंतर ९ कोटी किलोमीटर असतं, ते १५ कोटी २० लाख होणार, ६६ टक्के जास्त! २२ ऑगस्टपर्यंत कधी नव्हे इतकी थंडी. सर्दी, ताप, दम लागणे. सर्वांना पाठवा.” यंदा तो मला पंचवटीतल्या मावशीने पाठवला. खाली लिहिलं होतं, “मी दही बंद केलंय, तूही कर.”

ॲफेलियन म्हणजे पृथ्वीच्या वाटेवरचा सूर्यापासून सर्वांत लांबचा बिंदू. आधी अंतर बघू. सूर्य आपल्यापासून सरासरी १४ कोटी ९६ लाख किलोमीटरवर आहे. मैलांत हेच अंतर ९ कोटी ३० लाख होतं. मेसेजात मैलांचा आकडा किलोमीटर म्हणून घातलेला दिसतो. शुक्र सूर्यापासून सुमारे १० कोटी ८० लाख किलोमीटरवर फिरतो. मेसेज खरा धरला तर एरवी आपण शुक्राच्याही आत राहतो म्हणायचं! प्रत्यक्षात जुलैच्या पहिल्या आठवड्यात अंतर १५ कोटी २१ लाख असतं आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात १४ कोटी ७१ लाख. फरक साडेतीन टक्क्यांच्या आत.

जानेवारीत आपण सूर्याच्या सगळ्यांत जवळ असतो, आणि नेमकं तेव्हाच निफाडचे द्राक्षबागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवत असतात. तेव्हा थंडी अंतरावर ठरत नाही. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला आहे, त्यावर ठरते.

त्यामुळे आपल्याकडे जानेवारीत दुपारचं ऊनही तिरपं येतं, जुलैत जवळजवळ सरळ. हे मावशीच्याच घरात दिसतं. तिच्या माजघराच्या पत्र्याला एक बारीक भोक आहे, जमिनीपासून दहा फुटांवर. जानेवारीत दुपारी पावणेएकच्या सुमारास त्यातून येणारा कवडसा उत्तरेला नऊ-साडेनऊ फुटांवर पडतो, लांबट, अंड्यासारखा. मी तिथे खडूने खूण करून ठेवली होती. परवा घटकाभर ऊन पडलं तेव्हा कवडसा भोकाच्या जवळजवळ खालीच होता, उलट अर्धा फूट दक्षिणेला सरकलेला आणि चांगला गोल. लांबट कवडशात तेवढंच ऊन जास्त जागेवर पसरतं, म्हणून ते कमी तापवतं. शिवाय जानेवारीत दिवस अकरा तासांचा, आता सव्वातेरा तासांचा. जुलैत अंतरामुळे ऊन जानेवारीपेक्षा सुमारे ७ टक्के कमी मिळतं हे खरं, पण आत्ता जो गारठा वाटतो तो ढगांचा, पावसाचा आणि ओल्या वाऱ्याचा.

“कधी नव्हे” म्हणावं तर हे दरवर्षी घडतं, आणि आपल्या पंचांगातही त्याचा ठसा आहे. सूर्यापासून लांब असताना पृथ्वी जरा हळू चालते, त्यामुळे सूर्य एकेका राशीत जास्त दिवस रेंगाळतो. ज्या चांद्रमहिन्यात तो रास बदलतच नाही, तो अधिक महिना. अधिक महिना बहुतेक चैत्र ते आश्विन या काळातच येतो तो यामुळेच. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता. मला तर याचं फार नवल वाटतं. पुढे पाठवायचंच तर हे पाठवावं.

२२ ऑगस्टला आधार काहीच नाही. सर्वांत लांबचा बिंदू ओलांडला की त्याच क्षणापासून पृथ्वी पुन्हा जवळ येऊ लागते.

राहिला ताप. मला या मेसेजचा राग येतो तो इथे. पावसाळ्यात विषाणू पसरतात, डास वाढतात, पाणी दूषित होतं. लोक आजारी पडतात ते त्याने. गेल्या वर्षी आमच्या शेजारच्या काकू चार दिवस तापाने फणफणल्या होत्या. “ॲफेलियन चालू आहे, ऑगस्टपर्यंत असंच राहणार,” म्हणत काढा घेत राहिल्या. पाचव्या दिवशी रक्त तपासलं, डेंग्यू निघाला. त्यांच्या गच्चीवरच्या उघड्या ड्रममध्ये अळ्या वळवळत होत्या.